काताऱ्याचें हत्यार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस कागदाच्या पुडींतून एक वस्तु आणून दिली. बाजूला अर्ध्या इंचाहून किंचित् मोठी, जाडीला अडीच मिलिमीटर, रंगानें काळसर करडी आणि मध्यभागीं भोंक पाडलेली अशी ती एक चौकोनी चकती होती. आकाराच्या मानानें ती इतकी जड लागली कीं, आम्हीं ती तळहातावर दोनदां तोलून पाहिली. "सर, ही तुमच्या लेथसाठीं. हिला धार लावीत बसूं नका. बोथट झाली कीं कोपरा फिरवायचा, आणि चारी कोपरे संपले कीं फेंकून द्यायची," एवढें सांगून तो गेला. लांकूड कातण्याचा छंद आम्हांस पंचवीस वर्षांचा आहे. त्या अवधींत हत्यार फेंकून देण्याची भाषा आमच्या कानीं प्रथमच आली. हत्यार झिजतें, आंखूड होतें, त्याची मूठ बदलावी लागते. परंतु तें फेंकून देतात ही कल्पना आमच्या मनांत कधीं शिरलीच नव्हती. ती चकती पुढें आठ दिवस आमच्या मेजावर पडून होती, आणि त्या आठ दिवसांत तिच्या कुळाचा जो शोध आम्हीं घेतला तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

कातकाम हा फार पुरातन धंदा आहे. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराच्या पेटोसिरिस नांवाच्या इजिप्शियन पुरोहिताच्या थडग्यांत जें कोरीव चित्र आहे, त्यांत एक मनुष्य दोरी ओढून लांकूड फिरवितो व दुसरा त्यावर हत्यार धरतो असें दाखविलें आहे. आपल्याकडील जुन्या काताऱ्यांचें साधनही याहून फारसें निराळें नव्हतें. दोन खुंट्यांमध्यें लांकूड धरावें, त्यास दोरीचे वेढे द्यावे, एकानें दोरी पुढेंमागें ओढावी आणि दुसऱ्यानें लांकूड आपल्याकडे फिरेल त्या वेळींच हत्यार टेकावें. म्हणजे निम्मी मेहनत फुकट जावयाची! तथापि याच रीतीनें पलंगाचे खूर झाले, पाळण्याच्या दांड्या झाल्या, आणि सावंतवाडीच्या लाखकामाच्या खेळण्यांनीं कोंकणाचें नांव देशभर केलें. युरोपांत तर राजेरजवाडेही या नादांत पडले होते. रशियाचा पीटर बादशहा स्वतः उत्तम कातारी होता. आंद्रेई नार्तोव्ह नांवाचा यंत्रकार त्यानें त्यासाठीं पदरीं बाळगला होता, आणि शार्ल प्ल्युमिये या फ्रेंच पाद्र्यानें १७०१ सालीं कातकलेवर जो थोरला ग्रंथ लिहिला त्याचें रशियन भाषांतरही त्यानें करविलें. पीटरनें कातलेल्या हस्तिदंती वस्तु आजही पाहावयास मिळतात. बादशहास विरंगुळा हवा होता हें खरें; पण ज्याच्या हातून इतकीं माणसें चिरडलीं गेलीं, त्याच हाताला एवढें नाजूक कामही साधत होतें, हें पाहून आम्हांस नेहमीं विस्मय वाटतो.

पण बादशहा असो वा पाळण्याच्या दांड्या कातणारा गरीब कारागीर असो, दोघांचीही गांठ अखेरीस हत्याराच्या धारेशींच. खरबरीत लांकूड गोल करण्यास नळीच्या आकाराची पटाशी, गुळगुळीत करण्यास तिरक्या धारेची पटाशी, भांड्याचें पोट खरवडण्यास बोथट टोंकाचें जाड हत्यार. हीं सारीं काताऱ्यानें गांवच्या लोहाराशेजारीं बसून घडवून घ्यावयाचीं किंवा स्वतःच घडावयाचीं अशी सर्वत्र वहिवाट होती. जुनी कानस झिजली कीं तिचे दांते सहाणेवर घासून काढावयाचे व तिचें खरवडण्याचें हत्यार करावयाचें, ही युक्ति तर पृथ्वीच्या पाठीवरील बहुतेक सर्व काताऱ्यांस ठाऊक आहे. ती धोक्याचीही आहे. कारण कानशीचें पोलाद फार ठिसूळ असतें, आणि फिरत्या लांकडांत अडकून तें मोडलें तर तुकडा थेट तोंडावर येतो. परंतु गरीब माणसाच्या युक्त्या बहुधा धोक्याच्याच असावयाच्या.

पोलाद कठीण कां होतें, या प्रश्नाचें उत्तर लोहाराला हातानें ठाऊक होतें, बुद्धीनें नव्हतें. लोखंडांत शेंकडा एक भागाच्या आसपास कोळशाचा अंश मुरला, तें लाल करून पाण्यांत बुडविलें, आणि मग पुन्हां मंद आंचेवर धरून त्याचा अति ताठा उतरविला, म्हणजे धार टिकते. यासच आपण पाणी देणें म्हणतों, आणि हा शब्दप्रयोग आपण माणसांच्या तेजस्वितेलाही लावतों. या विद्येंत एके काळीं आपला देश अग्रगण्य होता. तेलंगणांत निजामाबादेजवळ कोनसमुद्रम् येथें मुशींत वितळवून केलेलें पोलाद नेण्यासाठीं इराणी व्यापारी येत असत. १७९४ सालीं मुंबईच्या हेलेनस स्कॉट नांवाच्या डॉक्टरानें अशा पोलादाचे, इंग्रज ज्यास 'वूट्झ' म्हणत त्याचे, नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांजकडे पाठविले. पुढच्याच वर्षीं पियर्सन यानें त्यांवर निबंध वाचला; १८०५ त डेव्हिड मशेट यानें त्यांची परीक्षा केली; पुढें खुद्द फॅरडे या पोलादाच्या नादीं लागला. शेफील्डमध्यें मुशींतील पोलाद त्यापूर्वीं अर्धशतक होऊं लागलें होतें, हें येथें सांगितलें पाहिजे. डोंकास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या कमानीसाठीं एकजीव पोलाद हवें होतें. म्हणून तो १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ येऊन राहिला व त्यानें तें साधलें. गंमत अशी कीं, शेफील्डच्या सुरीकारांनीं प्रथम तें फार कठीण म्हणून नाकारलें, आणि फ्रेंचांनीं त्याच्या सुऱ्या करून इंग्लंडांत विकूं लागल्यावर त्यांचे डोळे उघडले.

या डेव्हिड मशेटचा मुलगा रॉबर्ट मशेट. बापानें हिंदी पोलाद तपासलें; मुलानें १८६८ सालीं असें पोलाद काढलें कीं, त्यास पाणी द्यावेंच लागेना. लाल करून नुसतें हवेंत ठेवलें तरी तें आपोआप कठीण होई. त्यांत त्यानें टंगस्टन नांवाचा धातु मिसळला होता. पेटंट न घेतां त्यानें कृति गुप्त ठेवली. टंगस्टन या स्वीडिश शब्दाचा अर्थ 'जड दगड'. शीले यानें १७८१ त त्याचें आम्ल ओळखलें व दोनच वर्षांनीं स्पेनमधील एलुयार बंधूंनीं धातु वेगळा केला. जर्मन खाणकामगार त्याच्या खनिजास 'वुल्फ्रॅम' म्हणत; कारण कथलाच्या भट्टींत तें आलें म्हणजे लांडग्यानें मेंढरूं खावें तसें तें कथील खाऊन टाकी. एका शिवीचें असें शास्त्रीय नांव झालें, आणि धातूचें रासायनिक चिन्ह आजही त्या लांडग्याच्याच आद्याक्षराचें आहे.

यानंतरचा पुरुष फ्रेडरिक टेलर. कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा म्हणून त्याचें नांव सर्वतोमुखीं आहे. पण बेथलेहेम पोलाद कंपनींत मॉनसेल व्हाइट याच्या साह्यानें त्यानें १८९८ ते १९०० च्या दरम्यान जें केलें तें त्याहून टिकाऊ ठरलें असें आमचें मत आहे. टंगस्टन व क्रोमियम यांनीं युक्त असें पोलाद, जुने लोहार ज्या उष्णतेस 'जळलें' म्हणून टाकून देत, त्याहूनही अधिक, जवळजवळ वितळण्याइतकें तापविलें, तर तें हत्यार टोंक लाल होईपर्यंतही धार सोडीत नाहीं असें त्यांस आढळलें. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत लोकांनीं हें डोळ्यांनीं पाहिलें: लेथवरून निळ्या पडलेल्या गरम ढलप्या उडत आहेत, हत्याराचें टोंक अंधारांत चमकत आहे, आणि तरीही तें कापीत आहे! जुनें पोलाद अडीचशें अंश सेंटिग्रेडच्या आंतच नरम पडे. हें सहाशें अंशांपर्यंत टिके. १९०६ च्या आपल्या निबंधांत टेलरनें लिहिलें आहे कीं, सव्वीस वर्षांच्या प्रयोगांत आठ लक्ष पौंडांहून अधिक लोखंड-पोलाद केवळ ढलप्या करून टाकण्यांत खर्ची पडलें.

परंतु याच टेलरनें दुसरी एक गोष्ट केली, व आमच्या मतें तीच अधिक विचार करण्यासारखी आहे. पूर्वीं प्रत्येक कामगार आपल्या हत्यारास आपल्या हातानें, आपल्या समजुतीप्रमाणें धार लावी. टेलरनें तो अधिकार काढून घेतला. हत्यारें एका निराळ्या खोलींत, ठरलेल्या कोनांत, त्याच कामावर नेमलेल्या माणसानें घासावयाचीं, व कामगारास तयार द्यावयाचीं. यानें काम वाढलें यांत संशय नाहीं. हट्टी कामगार चुकीच्या कोनांत धार लावून यंत्राचें वाटोळें करीत, ही टेलरची तक्रारही खोटी नव्हती. तरीपण ज्याला आपल्या हत्याराची धार लावतां येत नाहीं, किंवा लावूं दिली जात नाहीं, तो मनुष्य कारागीर या पदवीवरून एक पायरी खालीं उतरला, हेंही तितकेंच खरें. आमच्या चकतीचें बीज रासायनिक दृष्ट्या इतरत्र असेल. सामाजिक दृष्ट्या तें आम्हांस या खोलींत सांपडतें.

रासायनिक बीज पॅरिसमध्यें आहे. आंरी म्वासां यानें १८९२ त विजेची भट्टी तयार केली. कृत्रिम हिरा करण्याचा त्याचा ध्यास होता. हिरा हातीं आला नाहीं. पण त्या भट्टींत टंगस्टन व कोळसा यांचा अत्यंत कठीण संयोग, म्हणजे टंगस्टन कार्बाइड, त्यास मिळाला. तो कठीण खरा, पण कांचेसारखा ठिसूळ. तीस वर्षें कोणास त्याचा उपयोग सुचला नाहीं. सुचला तोही हत्यारांसाठीं नव्हे, तर विजेच्या दिव्यांसाठीं. दिव्याची तार टंगस्टनची. ती केंसाहून बारीक ओढण्यास हिऱ्याला भोंक पाडून केलेले सांचे लागत, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीस हिरे परवडत नव्हते. तेव्हां बर्लिनच्या ऑस्राम कंपनींतील कार्ल श्रोटर यानें १९२३ सालीं ही युक्ति काढली: कार्बाइडची वस्त्रगाळ पूड करावी, तींत कोबाल्ट धातूची थोडी पूड मिसळावी, दाबून वडी पाडावी व चौदाशें अंशांच्या वर भट्टींत ठेवावी. कार्बाइड वितळत नाहीं. कोबाल्ट पाघळतो व कण न् कण जखडून टाकतो. वडी चोहोंकडून आंत आटते आणि घट्ट होते. शेंगदाण्याच्या चिक्कींत गूळ जें काम करतो तेंच येथें कोबाल्ट करतो. दाणा कठीण, गूळ चिवट, आणि दोन्ही मिळून जें होतें तें दोहोंहून निराळें.

हें वाचीत असतां आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जुन्या पोलादांत तरी काय असतें? लोखंड व कोळसा यांचा संयोग, म्हणजे लोखंडाचें कार्बाइड, त्याचे पट्टे वूट्झच्या तलवारींत नुसत्या डोळ्यांस नागमोडी दिसतात. नरम धातूंत कठीण कण पेरावयाचे, हें कोनसमुद्रमच्या मुशींत न समजतां होत होतें. बर्लिनमध्यें तेंच समजून उमजून केलें गेलें. फरक एवढाच कीं, येथें कणच नव्वद टक्क्यांच्या आसपास व धातु नांवापुरता. म्हणून ज्याला ही चकती अगदीं परकी वाटेल, त्यानें तिच्या गोत्राची अधिक चौकशी करावी.

क्रुप कंपनीनें १९२५ त हक्क घेतले व या धातूस 'विडिया' असें नांव दिलें. तो जर्मन भाषेंतील 'हिऱ्यासारखें' या दोन शब्दांचा संक्षेप आहे. १९२७ च्या लाइप्झिगच्या जत्रेंत तो लोकांपुढें आला. आपल्याकडील यंत्रशाळांतून 'विडिया' हा शब्द आज मराठीच झाला आहे. तो वापरणाऱ्या कितीकांस तो जर्मन आहे हें ठाऊक असेल, न कळे. अमेरिकेंत १९२८ पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें क्रुपशीं करार करून हा माल आपल्या हातीं ठेवला. त्या वेळीं त्याचा भाव पौंडास सुमारें ५० डॉलर होता, तो ४५० डॉलरांवर चढला. सोन्याचा त्या काळचा भाव औंसास वीस डॉलर सदुसष्ट सेंट होता. म्हणजे हत्याराचें टोंक भारंभार सोन्याहून महाग झालें! पुढें अमेरिकन सरकारनें फिर्याद केली, मध्यें महायुद्ध आलें, आणि १९४८ त न्यूयॉर्कच्या न्यायालयानें कंपनीस मक्तेदारीच्या कटाबद्दल दोषी ठरविलें. एका गरीब काताऱ्यास हें हत्यार जवळजवळ एक पिढीभर मिळालें नाहीं त्याचें कारण धातूची दुर्मिळता एवढेंच नव्हतें, हें यावरून दिसेल.

दुर्मिळता होती हेंही खरेंच. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांनीं रणगाडे फोडण्यासाठीं तोफेच्या गोळ्यांत कार्बाइडचा गाभा घालण्यास आरंभ केला. पण तोफा कातणाऱ्या यंत्रांनाही तेंच द्रव्य लागे. गोळा एकदां सुटला कीं गेला, हत्यार मात्र महिनोन् महिने चालतें. तेव्हां टंगस्टनची टंचाई होतांच गोळ्यांवरच हात आंखडता घ्यावा लागला. पोर्तुगालच्या खाणींतील वुल्फ्रॅम सालाझारचें सरकार दोन्ही पक्षांस विकीत होतें, तें दोस्तांच्या दडपणानें जून १९४४ मध्यें बंद झालें. आपल्या बाजूस पहिल्या महायुद्धाच्या काळीं ब्रह्मदेशांतील ताव्हॉय हें या खनिजाचें मोठें ठाणें होतें. राजस्थानांत देगाणा येथें खाण होती. आणि नागपूर जिल्ह्यांत कुही-खोबणा-आगरगांव पट्ट्यांतही हें खनिज आहे. आज जगांतील बहुतेक टंगस्टन चीनमधून आणि बहुतेक कोबाल्ट कांगोमधून येतो. कोबाल्टचें नांवही जर्मन खाणकामगारांनीं एका खट्याळ भुतावरून ठेवलें होतें. कांगोंतील खाणींत लहान मुलें राबतात असें वारंवार प्रसिद्ध झालें आहे. तेव्हां भूत अद्याप उतरलेलें नाहीं.

असो. लोखंड कातणाऱ्यांस विडिया मिळाला. लांकूड कातणाऱ्यांस मात्र तो कितीतरी उशिरां मिळाला. कारण लांकडास धार पातळ लागते. लोखंडावर हत्यार जवळजवळ काटकोनांत रेटतां येतें. लांकडाचे तंतु तोडावयाचे तर धार वस्तऱ्याकडे झुकली पाहिजे. जुन्या कार्बाइडचे कण जाड. पातळ धार केली कीं कण निखळून पडत व धारेस खांडे पडत. कण एका मायक्रॉनच्याही आंत आणण्याची कला साधल्यावर, आणि हिऱ्याच्या पुडीनें धार लावणें सोपें झाल्यावर, ही अडचण सुटली. प्रथम रंधायंत्राच्या दंडगोलावर अशा चौकोनी चकत्या ओळीनें स्क्रूनीं बसवूं लागले. तीच चकती एका पोलादी गजाच्या टोंकाशीं बसविली कीं काताऱ्याचें हत्यार झालें, हें लोकांस या शतकाच्या पहिल्या दशकांत सुचलें, व लवकरच कारागीर तीं हत्यारें घरींच करूं लागले.

आम्हींही एक केलें. पहिला प्रयत्न फसला, तो आमच्याच पंडितगिरीमुळें. चकती स्क्रूनें बसविण्याऐवजीं जुन्या रीतीनें डाख देऊन चिकटवावी असें आमच्या मनानें घेतलें. टाकणखार लाविला, पितळेचा डाख वितळला, तुकडा सुंदर बसला; आणि पंचवीस वर्षांच्या संवयीनें आम्हीं तो लाल गज सरळ पाण्यांत बुडविला. 'टक्' असा आवाज झाला व चकतीस आरपार तडा गेला. पोलाद थंड होतांना जितकें आंखडतें त्याच्या निम्म्यानेंही कार्बाइड आंखडत नाहीं. सावकाश निवूं दिलें असतें तर कदाचित् निभावलें असतें. शेजारचे वृद्ध मिस्त्री कुंपणावरून पाहात होते. ते म्हणाले, "मास्तर, त्याच्या अंगीं पाणी उपजतच आहे. तुम्ही कशाला पाजलंत?" धातुशास्त्राचा एवढा ग्रंथ आम्हीं वाचला, पण इतकें नेमकें वाक्य त्यांत नव्हतें.

दुसऱ्या खेपेस मिस्त्रींच्याच देखरेखीखालीं काम झालें. अर्धा इंच चौरस लोखंडी गज, लांबी सुमारें एक फूट. त्याच्या टोंकाशीं चकतीच्या जाडीइतकी बैठक कानशीनें उतरविली. ही बैठक अगदीं सपाट हवी. खालीं पोकळी राहिली तर स्क्रू आंवळतांनाच चकती फुटते. भोंक चार मिलिमीटरच्या स्क्रूसाठीं, म्हणून छिद्र तीन पूर्णांक तीन दशांश मिलिमीटरचें पाडून त्यांत आटे पाडले. भोंक किंचित् मागच्या बाजूस, खांद्याकडे, सरकवून घेतलें, म्हणजे स्क्रू आंवळतांना चकती मागें ओढली जाऊन खांद्यास टेकते. ही सूचना मिस्त्रींची. चकतीवर सारा भार येतो तेव्हां तो स्क्रूनें नव्हे, खांद्यानें पेलावा, हा त्यांचा आग्रह. गजाचें टोंक खालून उतरतें केलें, नाहींतर लांकूड धारेऐवजीं गजावरच घासतें. मूठ शिसवीची, दीड हात लांब, तोंडाशीं पितळेचें कडें. एका दुपारचें हें काम. खर्चांत चकतीचीच किंमत ती काय. बाकी भंगारांतून आलें.

हत्यार चांगलें चालतें, हें कबूल केलें पाहिजे. तें आडवें, समपातळींत धरावयाचें. नळीच्या पटाशीसारखें मनगट फिरवून धार लांकडावर तोलावयाची गरज नाहीं. आमच्या पुतण्यानें, ज्यानें जन्मांत लेथला हात लावला नव्हता, पहिल्याच दिवशीं बाभळीची वाटी उतरविली. आम्हांस तिरक्या पटाशीनें सरळ दांडी कातण्यास दोन वर्षें लागलीं होतीं. वाटी हातीं घेऊन पाहिली तर आडव्या तंतूंवर थोडा खरबरीतपणा होता. पटाशीनें कातलेल्या लांकडाला जी झळाळी येते ती तिला नव्हती. काचकागदानें तो जातो, हेंही खरें. पण खरवडणें तें खरवडणें आणि कापणें तें कापणें; हा भेद कानालाही कळतो.

हें हत्यार आमचें आहे काय, या प्रश्नानें मात्र आम्हांस आठ दिवसांनंतरही सोडलें नाहीं. गज आमचा, मूठ आमची, बैठक आमच्या हातची. पण जी कापते ती दहा-पंधरा मिलिमीटरची चकती आम्ही सात जन्मांत करूं शकणार नाहीं, आणि तिला आमच्या सहाणेवर धारही लावतां येत नाहीं. हिऱ्याची पट्टी असली तरच कांहीं दिवस तिचें आयुष्य वाढवितां येतें. टेलरची ती बंद खोली आतां एवढी लहान झाली आहे कीं, ती पुडींत बांधून पोष्टानें येते. हें एका बाजूनें आम्हांस खुपतें. दुसऱ्या बाजूनें, १९३० च्या सुमारास सोन्याहून महाग असलेली वस्तु आज एका पेन्शनरास, एका सुतारास, कारखान्यांत नोकरी करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यास सहज परवडते, आणि बोटांत संधिवात शिरलेला म्हातारा कारागीर तिच्यामुळें आणखी पांच वर्षें कामावर राहतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. मिस्त्री अशांपैकींच एक. त्यांनीं आमचें पाहून स्वतःसाठींही एक हत्यार केलें. फक्त गज त्यांनीं आमच्याहून जाड घेतला आणि मुठीवर आपल्या वडिलांच्या जुन्या पटाशीचें कडें बसविलें.

चौथा कोपरा परवां संपला. चकती फेंकावयास हात धजेना. विद्यार्थ्यास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, भंगारवाला विडियाला लोखंडाच्या कितीतरी पट भाव देतो, पुन्हां पूड करतात." आम्हीं ती टेबलाच्या खणांत, तडा गेलेल्या पहिल्या चकतीशेजारीं ठेवली आहे.